वाचकांचे प्रश्न : मिनिटाला ३८ शब्द म्हणजे किती वाचन?

पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तके घरी आली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. या वेळी वाचनाच्या चाचण्यांविषयी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकावे लागले. त्यांतील पाच पत्रे थोडी आटोपशीर करून आणि नावे वगळून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. बाईंनी एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून, मोबाइलवर एक मिनिट लावून, एक उतारा मोठ्याने वाचून घेतला. प्रगतिपुस्तकात ‘वाचनगती मिनिटाला ३८ शब्द, अतिरिक्त साहाय्याची गरज’ असे लिहून आले. हीच मुलगी घरी धाकट्या भावाला गोष्टी वाचून दाखवते आणि त्यातल्या म्हातारीचा आवाजही काढते. ती खरोखर मागे आहे का? घरी घड्याळ लावून सराव घ्यावा का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : घड्याळ लावू नये, हे आधीच सांगून टाकतो, कारणे पुढे येतीलच.

आपल्या मुलीची झाली ती मौखिक वाचनगतीची चाचणी. मिनिटभरात मुलाने वाचलेल्या शब्दांतून चुकलेले शब्द वजा करायचे आणि उरलेला आकडा नोंदवायचा, एवढीच तिची रीत आहे. तिला खर्च नाही, ती लगेच उरकते आणि वर्षातून तीन-चारदा घेता येते, म्हणून शाळांना ती सोयीची वाटते. तिच्यामागचा विचारही चुकीचा नाही. अक्षराला अक्षर जुळवत जे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचते, त्याच्या मनातून वाक्याची सुरुवात तोवर निसटलेली असते; सारे लक्ष अक्षरे ओळखण्यात खर्ची पडते आणि अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. वाचन ओघवते झाले की अर्थाकडे लक्ष देण्यास सवड मिळते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असे उद्दिष्ट दिलेले आहे. आपल्या मुलीचे दुसरीचे निम्मे वर्ष अजून उरले आहे. तेव्हा अखेरीच्या उद्दिष्टाशी ऑक्टोबरमधला आकडा ताडून तिला ‘साहाय्याची गरज’ असा शिक्का मारणे घाईचे आहे.

आता मराठीची एक अडचण पाहा, कारण शब्द मोजण्याची ही पद्धत प्रथम इंग्रजीसाठी रूढ झाली. ‘राम घरी आला. तो हसला. तो बसला.’ यात सात शब्द आहेत आणि अक्षरे चौदा. ‘आजीच्या घरासमोरच्या झाडावरून चिमणी उडाली.’ यात शब्द पाचच आहेत आणि अक्षरे वीस, त्यांतही ‘च्या’ हे जोडाक्षर दोनदा. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जे तीन-चार सुटे शब्द झाले असते, ते ‘घरासमोरच्या’ या एकाच शब्दात बसते. त्यामुळे एकच मूल पहिल्या प्रकारच्या उताऱ्यावर पन्नाशी सहज ओलांडेल आणि दुसऱ्या प्रकारच्या उताऱ्यावर तिशीत अडकेल. उतारा समोर असल्याशिवाय ३८ या आकड्याला अर्थ नाही.

म्हणून शाळेत गेल्यावर तीन गोष्टी शांतपणे विचारा. उतारा कोणता होता आणि तो मुलांनी आधी वाचलेला होता का? उतारे किती दिले? या पद्धतीच्या मूळ चाचण्यांत तीन उतारे वाचून घेऊन मधला आकडा धरण्याची प्रथा आहे, कारण एकाच मुलाच्या दोन वाचनांत आठ-दहा शब्दांचा फरक सहज पडतो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : वाचून झाल्यावर तिला त्या मजकुरावर काही प्रश्न विचारले का? विचारले नसतील, तर चाचणी अर्धीच झाली.

म्हातारीचा आवाज काढणारी मुलगी बहुतेक अर्थ समजूनच वाचत असणार. गती आणि अचूकता यांच्या जोडीला आरोह-अवरोह, म्हणजे कोठे थांबावे आणि कोठे आवाज चढवावा याची जाण, हा ओघवत्या वाचनाचा तिसरा घटक मानला जातो. तो सेकंदात मोजता येत नाही, म्हणून प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात सहसा येत नाही. शिवाय म्हातारीसारखे थांबत थांबत वाचणाऱ्या मुलाचा आकडा त्यामुळेच खाली येतो, ही या चाचणीची गंमत आहे. मात्र भावाला ऐकवायच्या गोष्टी तिला पाठ असण्याचीही शक्यता आहे, हे आईच्या कौतुकातून थोडे बाजूला होऊन तपासावे. तिने कधी न पाहिलेले पुस्तक एकदा तिच्या हाती द्या आणि ऐका. अडखळत असेल, तर तोच छोटा मजकूर दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा, भावाला ऐकवण्यासाठी म्हणून, वाचू द्या. त्याने गती आपोआप वाढते. घड्याळाने वाढते ती घाई, आणि घाईत मुले शब्दाचा पहिला भाग पाहून पुढचा भाग ठोकून देतात.

प्रश्न : मी मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या स्वतःच्या नोंदी, वरून येणाऱ्या लेखी चाचण्या, राष्ट्रीय सर्वेक्षणे, शिवाय एखाद्या स्वयंसेवी संस्थेची पडताळणी, असे सगळे वर्षभर चालू असते. एकीत माझ्या वर्गातील बहुतेक मुले वाचतात असे निघते, दुसरीत निम्मीच. विश्वास कशावर ठेवावा? (एक शिक्षिका)

उत्तर : आपल्या त्राग्याशी मी सहमत आहे. तरी या दोन्ही चाचण्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण ‘वाचतो’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीने वेगळा ठरवलेला असतो.

‘असर’चे उदाहरण घेऊ. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात होणाऱ्या या पाहणीत कार्यकर्ता मुलाच्या घरी जातो आणि एकेका मुलाकडून तोंडी वाचून घेतो. हातात एकच कागद असतो : अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करतात. तो जमला तर गोष्ट देतात, नाही जमला तर शब्दांवर आणि मग अक्षरांवर येतात. तीनपेक्षा अधिक चुका न करता, वाक्य वाक्यासारखे वाचले, तर ती पातळी आली असे धरतात. पाच वर्षांच्या मुलालाही हाच कागद आणि सोळा वर्षांच्या मुलालाही हाच. पाया आहे की नाही, एवढे ही चाचणी चोख सांगते. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्केच दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते आणि २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ वर आले. करोनाकाळात शाळा बंद राहिल्याचा परिणाम इतक्या स्वच्छ दिसला तो कागद बदलला नाही म्हणून. परंतु ज्या मुलाने दुसरीची गोष्ट वाचली ते पुढे पाचवीचे पुस्तक वाचू शकते का, हे त्या कागदाला ठाऊक नसते, कारण त्याची शेवटची पायरी दुसरीची आहे. शिवाय ही पाहणी जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे यांवर उभी असते. तिच्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो. आपल्या वर्गातील एकाही मुलाविषयी ती काही सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारख्या लेखी, बहुपर्यायी चाचण्या आहेत. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. आणि ज्याने शून्याच्या जवळ गुण मिळवले, तो अक्षरांवर अडला की उतारा वाचूनही अर्थावर अडला, हे उत्तरपत्रिकेवरून कळायला मार्ग नसतो. ही उणीव ओळखूनच २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिसरीच्या मुलांची पायाभूत अध्ययन पाहणी एकेकाला समोर बसवून केली.

मग आपण काय करावे? आकारिक (शिकता-शिकता होणारे) आणि संकलित (सत्राअखेरीचे) मूल्यमापन हे दोन शब्द २०१० पासून शिक्षककक्षात इतके घासून निघाले आहेत की त्यांचा मूळ अर्थ पुसट झाला आहे. उद्या सकाळी कोणाला कोणत्या गटात बसवायचे हे ठरवायचे असेल, तर आपली स्वतःची नोंद सर्वांत उपयोगी. तालुक्यात पुस्तके आणि प्रशिक्षण कोठे पाठवायचे हे ठरवायचे असेल, तर सर्वेक्षण. बी.एड.ला पाठ केलेल्या ‘सप्रमाणता’ या शब्दाचा अर्थ इतकाच आहे : चाचणीचा आकडा ज्या निर्णयासाठी वापरायचा, त्या निर्णयाचा भार तो पेलतो का? एका निर्णयासाठी सप्रमाण असलेली चाचणी दुसऱ्यासाठी निरुपयोगी असते.

आकड्यावरून शिक्षकाचीच परीक्षा होऊ लागली की काय होते, हेही सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी एका शाळेत वाचन ऐकायला गेलो होतो. पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहिला, कार्ड धरले आणि खडखडीत वाचू लागला. नजर मात्र खिडकीबाहेर होती. मी हळूच कार्डावर तळहात ठेवला. वाचन थांबले नाही. पूर्णविरामाशी तो शिस्तीत थांबला आणि पुढचे वाक्यही त्याने माझ्या हाताखालून बिनचूक वाचले. त्या वर्षी त्या वर्गाचा निकाल उत्तम लागला असणार.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी सिंहगड रस्त्यावरील एका वस्तीत मुलांना वाचायला शिकवतो. दर महिन्याला आम्ही स्वयंसेवक त्यांचे वाचन तपासतो. एक मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘होता’ला ‘व्हता’ वाचतो. मी चूक धरत नाही, माझ्या सहकारी बाई धरतात. नियम काय आहे? (एक स्वयंसेवक)

उत्तर : नियम आपल्या बाजूने आहे. मूल घरी जसे बोलते तसे त्याने वाचले, आणि शब्द तोच ओळखला, तर ती वाचनाची चूक नव्हे. ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणणाऱ्याने शब्द ओळखलेला आहे; ‘पाणी’ पाहून ‘पान’ म्हणणाऱ्याने नाही. पुण्यात ‘न’ आणि ‘ण’ यांवरून माणसाची किंमत करण्याची जुनी खोड आहे. ती निदान चाचणीत तरी येऊ देऊ नये, नाहीतर आपण वाचन मोजायला बसतो आणि मुलाचे गाव मोजून उठतो.

बाकीचे संकेत असे, की अडखळून स्वतःच दुरुस्त केलेला शब्द बरोबर धरावा. तोच शब्द पुन्हा उच्चारला तर चूक नाही. शब्द गाळला तर चूक. आणि तीन सेकंद वाट पाहूनही शब्द आला नाही तर तो सांगून पुढे जावे व चूक नोंदवावी. शंभर शब्दांच्या उताऱ्यात ९५ किंवा अधिक शब्द बरोबर आले, तर तो मजकूर मुलाला एकट्याने वाचायला द्यावा. ९० ते ९४ आले, तर आपण शेजारी बसून वाचून घ्यावा. त्याखाली आले, तर पुस्तक बदलावे. हे ठोकताळे न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेल्या नोंदपद्धतीतून आलेले आहेत आणि ते इंग्रजीवरचे आहेत. मराठीत त्यांना सोबतीला घ्यावे, धनी करू नये.

चुकांची संख्या मोजून झाली की चुका टाकून देऊ नका. ‘दूध तापले’ या जागी एकाने ‘दूध तापवले’ वाचले आणि दुसऱ्याने ‘दूध तपासले’. दोघांची चूक एकेकच. पण पहिल्याचे लक्ष अर्थावर आहे, डोळा थोडा पुढे पळाला. दुसऱ्याने ‘त’, ‘प’ आणि शेवटचा ‘ले’ पाहून अंदाज ठोकला आणि दूध कसे तपासतात असा प्रश्नही त्याला पडला नाही. या दोघांना सारखीच मदत देणे म्हणजे दोघांचाही वेळ घालवणे होय. मराठीत काही जागा मुद्दाम कान देऊन ऐकाव्यात. रफार आणि ‘ऱ्य’ यांतला फरक ही एक : ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत एका वाक्यात गुरुजी येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसरी जागा ‘च’ आणि ‘ज’ यांची. ‘जग’ हा लेखी शब्द विश्व या अर्थी वेगळा उच्चारतात आणि ‘तू सुखाने जग’ यात वेगळा. अक्षर तेच असते, म्हणजे योग्य उच्चार करणाऱ्या मुलाला वाक्याचा अर्थ कळला आहे याचा तो पुरावाच असतो.

आणि आपल्या सहकारी बाईंशी वाद घालण्यापेक्षा हे करा. पाच मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, दोघांनी वेगवेगळे बसून गुण द्या आणि मग कागद शेजारी ठेवा. अध्यापक विद्यालयात असताना आम्ही दोघा सहकाऱ्यांनी असे केले, तेव्हा एकाच मुलीच्या एकाच वाचनात माझ्या सहकाऱ्याला चार चुका सापडल्या आणि मला अकरा. मुलगी बिचारी तीच होती. दोन तपासनिसांचे जमत नसेल, तर गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात मुलाची प्रगती झाली की तपासणारा बदलला, हे सांगता येत नाही. विश्वसनीयता म्हणतात ती हीच.

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. वाचायला टाळाटाळ करतो. शाळेने ‘एलडीची टेस्ट करून घ्या’ असे सुचवले आहे. ही चाचणी कोणती आणि ती मराठीत होते का? (एक वडील, औंध)

उत्तर : एलडी म्हणजे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’, अर्थात अध्ययन अक्षमता. पण प्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. ही सूचना क्षुल्लक वाटते, म्हणूनच ती राहून जाते.

त्यानंतर दोन टप्पे असतात. पहिली चाळणी, ती शाळेतही होऊ शकते आणि तिच्यातून फक्त ‘पुढे तपासावे’ एवढेच निघते. दुसरे निदान, जे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर करतात. भारतीय भाषांसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही साधने तयार केली असून ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हावी, असा आग्रह धरा. अडचण केवळ इंग्रजीत दिसत असेल, तर ती अध्ययन अक्षमता नसून इंग्रजी कानावर कमी पडल्याचा परिणाम असू शकतो. निदान झालेच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, हे लक्षात असू द्या.

निदानाची तारीख मिळेपर्यंत घरी एक गोष्ट करून पाहता येईल. त्याच्या पुस्तकातील एक पान त्याला वाचू द्या आणि पाच प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तितकेच अवघड दुसरे पान आपण त्याला वाचून दाखवा आणि तसेच पाच प्रश्न विचारा. ऐकून उत्तरे येतात पण वाचून येत नाहीत, तर गाठ अक्षरांशी आहे. दोन्ही वेळा येत नाहीत, तर गाठ भाषेशी आहे आणि उपाय वेगळा. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे अक्षरवाचन गुणिले श्रवण-आकलन, असे मांडले. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. ‘टाळाटाळ करतो’ हे निदान नव्हे, एवढे मात्र आजच सांगता येईल. जे जमत नाही ते सगळेच टाळतात.

प्रश्न : उताऱ्यावर प्रश्न काढताना मुलांना अर्थ कळला आहे की नाही हे नेमके कसे पकडावे? माझ्या वर्गातील काही मुले उत्तरे बरोबर लिहितात, पण विचारले तर गोष्ट सांगता येत नाही. (एक शिक्षक, येरवडा)

उत्तर : ‘गोबाने टिकमा लुपीत ठेवला.’ आता सांगा, गोबाने टिकमा कोठे ठेवला? ‘लुपीत’ हे उत्तर आपल्याला आले, आणि गोबा, टिकमा, लुपी यांपैकी काहीही या जगात नाही. मराठीत ‘त’ हा प्रत्ययच उत्तराकडे बोट दाखवतो. कोण, काय, कोठे हे प्रश्न वाईट नाहीत, पण सारी प्रश्नपत्रिका त्यांनी भरली की आपली मुले हेच तंत्र शिकतात.

चौथीच्या मुलांसाठी दर पाच वर्षांनी होणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत आकलनाच्या चार रीती धरल्या आहेत : मजकुरात सरळ दिलेली माहिती शोधणे, साधा तर्क करणे, इकडचे-तिकडचे जुळवून अर्थ लावणे आणि मजकुराविषयी मत बनवणे. दहा प्रश्नांत पहिल्या रीतीचे तीन-चार पुरेत. ‘आजी दाराशी का थांबली?’ याचे उत्तर उताऱ्यातील एका वाक्यात नसावे, पण उतारा वाचणाऱ्याला मिळाल्यावाचून राहू नये. असा प्रश्न काढायला अर्धा तास लागतो, हेही खरे.

दुसरा दोष उलट बाजूचा असतो. ‘शेतकरी पावसाची वाट का पाहतो?’ याला उतारा लागतच नाही. प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी शेजारच्या तुकडीतील चार मुलांना, उतारा न दाखवता, नुसते प्रश्न विचारून पाहा. ज्याचे उत्तर तिघांना आले तो प्रश्न खोडून टाका.